आधी नेक बघ, नाव नंतर

पत्र :

दादा, मी २३ वर्षांची. दोन वर्षं साधी अ‍ॅकूस्टिक वाजवते, बारे कॉर्डपर्यंत पोचले आहे. आता इलेक्ट्रिक गिटार घ्यायची आहे. ठाण्यातला एक मुलगा यामाहा पॅसिफिका ०१२ विकतोय. काळी, सहा-सात वर्षं जुनी, पिशवीसकट साडेदहा हजार. छोटा अ‍ॅम्प हवा असेल तर अडीच हजार वेगळे. दुकानात हीच नवी अठरा ते वीस हजारांना सांगतात. माझे काका गिरगावात बेंजो पार्टीत वाजवायचे. ते म्हणतात, 'वापरलेलं वाद्य घेऊ नकोस, वाजवणाऱ्यानं त्याचा जीव काढलेला असतो.' कॉलेजातला मित्र म्हणतो, थांब, पैसे साठव आणि स्क्वायरच घे, नाव तरी होईल. फोटोत गिटार अगदी चकाचक दिसते. बघायला जायचं तर नेमकं काय बघायचं? इलेक्ट्रिकमधलं मला काही म्हणजे काही कळत नाही.
— प्र. म., डोंबिवली

उत्तर :

प्रिय प्र.,

जाऊन बघ. पण फोटो बघून मनात घेऊनच जाऊ नकोस. चकाचक दिसणं हा या व्यवहारातला सगळ्यात बिनमहत्त्वाचा भाग. ओरखडे, पोपडे, पट्ट्याच्या खुंटीपाशी उडालेला रंग यांनी आवाजात काडीचा फरक पडत नाही, उलट भाव पाडायला ते बरे पडतात. फोटोत न दिसणारी गोष्ट एकच, आणि सगळा सौदा तिच्यावर ठरतो : नेक, म्हणजे गिटारची लांब मान, जिच्यावर तू तारा दाबतेस.

का ते सांगतो. १९५० साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी लिओ फेंडरनं जी सपाट, भरीव लाकडाची गिटार बाजारात आणली, तिची नेक त्यानं गोंदानं न चिकटवता चार स्क्रूंनी बसवली. हा माणूस मुळात रेडिओ दुरुस्त करणारा, स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. बिघडलेला भाग काढायचा, दुसरा बसवायचा, हे त्याचं दुरुस्तीवाल्याचं डोकं. १९५४ ची स्ट्रॅटोकास्टर त्याच वाटेनं आली आणि तुझी पॅसिफिकासुद्धा त्याच कुळातली. मेपलची नेक स्क्रूंनी जोडलेली, तिच्यावर २२ फ्रेट म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या, ब्रिजपाशी (तारा बॉडीवर जिथे टेकतात तिथे) एक हंबकर, पुढे दोन सिंगल कॉइल (हे दोन्ही पिकअपचे, म्हणजे तारांचा कंप पकडणाऱ्या चुंबकांचे प्रकार), पाच जागांचा स्विच, एक व्हॉल्यूम, एक टोन. यातलं पिकअप, स्विच, जॅक, सूर जुळवायच्या खुंट्या, ब्रिज काहीही बिघडलं तरी स्क्रू काढून किंवा सोल्डर मारून बदलता येतं. नेकही बदलता येते, पण तिची किंमत आणि बसवण्याची मजुरी धरली की या भावाच्या गिटारला ते परवडत नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. म्हणून नेक बिघडलेली असेल तर बाकी सगळं नवंकोरं असलं तरी नमस्कार करून परत ये.

काकांनाही त्यांच्या जागी बरोबर म्हणीन. बेंजोच्या टाइपरायटरसारख्या बटणांचा खेळ रोजच्या वाजवण्यानं सैल होतो, खिळखिळा होतो, आणि मिरवणुकीत उन्हापावसात वाजलेला बेंजो दुसऱ्याच्या हातात गेला की तो दुसरा डोकं धरून बसतो. गिटारमध्ये झिजणारी मुख्य वस्तू म्हणजे फ्रेट, आणि फ्रेटची झीज डोळ्यांना दिसते, बोटाला लागते. त्यामुळे 'जीव काढलाय' की नाही हे इथे तपासता येतं. माझं ऐकशील तर काकांनाच बरोबर ने. ते कशासाठी लागणार आहेत ते पुढे सांगतो.

आता नेक कशी बघायची. गिटार ट्यून करून घे, कारण तारा सैल असल्या तर नेकवर ताण नसतो आणि तू बघतेस ते खरं नसतं. मग जाड सहावी तार पहिल्या फ्रेटवर एका हातानं दाब आणि शेवटच्या फ्रेटवर दुसऱ्या. (कॅपोची चिमटी असेल तर पहिल्या फ्रेटवर तोच लाव, एक हात मोकळा राहतो.) ताणलेली तार म्हणजे आपोआप मिळालेली सरळ रेघ. आता सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात किती फट आहे ते बघ. एखादं पातळ व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल, म्हणजे पाव मिलिमीटरच्या आसपास, इतकी फट असली की झकास. नेकला एवढा किंचित बाक हवाच असतो, कारण थरथरणाऱ्या तारेला मध्यावर जागा लागते. फट एक मिलिमीटरपर्यंत गेली असेल तर नेक ताणानं पुढे वाकली आहे. फट अजिबात नाही आणि तार सगळ्या फ्रेटवर आडवी पडली आहे, तर ती अगदी सपाट तरी आहे किंवा उलटी वाकली आहे.

यातलं कुठलंच लगेच घाबरण्यासारखं नाही. नेकच्या पोटात लोखंडी सळई असते, ट्रस रॉड. ती अ‍ॅलन कीनं पाव-पाव फेरा फिरवून हा बाक कमी-जास्त करता येतो. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात लाकूड फुगतं-आकसतं, तेव्हा हे करावंच लागतं. घाबरायचं ते वेगळ्या गोष्टींना. एक, ट्रस रॉडच्या टोकाचं षटकोनी भोक चुकीची चावी घालून घालून गोल झालेलं असणं. मोबाइलचा टॉर्च लावून आत बघ, कडा शाबूत पाहिजेत. दोन, सळई शेवटपर्यंत आवळलेली आणि तरीही बाक तसाच. हे तुला तिथे कळणार नाही, पण विकणाऱ्याला विचार, 'ट्रस रॉड कधी फिरवलाय का?' उत्तर देताना तो जरा जास्तच घुटमळला तर लक्षात ठेव. तीन, पीळ. गिटार डोळ्यासमोर आडवी धरून बॉडीकडच्या टोकावरून नेकच्या लांबीत बघ. ब्रिजकडचे फ्रेट आणि नटकडचे (नट म्हणजे नेकच्या वरच्या टोकाची, तारांच्या खाचांची पट्टी) फ्रेट एका पातळीत दिसले पाहिजेत. एक बाजू वर आणि एक खाली दिसली तर नेकला पीळ पडलाय. पिळावर ट्रस रॉडचं काही चालत नाही. तिथेच थांब. आणि तिथे, त्या मुलाच्या घरी, स्वतः अ‍ॅलन की फिरवायला जाऊ नकोस. मोडली तर तुझ्या गळ्यात पडेल.

नेक पास झाली की फ्रेट. पहिले तीन-चार फ्रेट नीट बघ, कारण शिकाऊ हात सगळा वेळ तिथेच असतो, उघड्या कॉर्डवर. पातळ तारांच्या खाली फ्रेटच्या धातूत खाचा पडलेल्या असतात. नखाचं टोक फ्रेटवरून फिरवलंस तर खाच लागते. हलकी असेल तर फ्रेट घासून, पॉलिश करून भागतं. नख अडकतंय इतकी खोल असेल तर फ्रेट बदलायचं काम निघालं, आणि कारागीर त्याचा जो आकडा सांगेल तो या गिटारच्या अर्ध्या किमतीला सहज भिडतो. नेकच्या दोन्ही कडांवरून तळवा वर-खाली फिरव. फ्रेटची टोकं टोचतायत का? एसीच्या कोरड्या हवेत लाकूड आकसलं की टोकं बाहेर येतात. कानशीनं घासली की जातात. त्यावरून भाव पाडता येतो, पण त्यासाठी नाही म्हणायचं कारण नाही.

मग बसून वाजव. सहा तारा, २२ फ्रेट, एकूण १३२ जागा, प्रत्येक जागी एक स्वर. कंटाळवाणं आहे, विकणारा घड्याळाकडे बघायला लागेल, बघू दे. कुठे तार फ्रेटला घासून झर्रकन वाजते, कुठे स्वर मरतो, ते ध्यानात ठेव. एखाद-दुसऱ्या जागी झर्र आवाज आला आणि अ‍ॅम्पमधून तो ऐकूच येत नसेल, तर सोडून दे. यानंतर जे करशील ते तुझ्यासाठी नवं असेल. बाराव्या ते पंधराव्या फ्रेटदरम्यान पहिली आणि दुसरी तार पूर्ण एक स्वर बेंड कर, म्हणजे दाबलेली तार बोटानं बाजूला ओढून स्वर चढव. अ‍ॅकूस्टिकवर तू हे फारसं केलं नसशील, तिथे तारा जाड. बेंड करताना स्वर वर चढत चढत अचानक गप्प झाला, तर एक तर तारा फार खाली बसवल्यात किंवा पुढचा एखादा फ्रेट उंच राहिलाय. पहिला दोष सेटअपमध्ये, म्हणजे कारागिरानं तारांची उंची वगैरे नीट बसवून दिली की, जातो. दुसऱ्या दोषासाठी फ्रेट समतल करून घ्यावे लागतात, म्हणजे खर्च. कोणता आहे हे ओळखायला सोबत स्टीलची छोटी पट्टी ने. शाळेच्या कंपासमधली नको, तिच्यात शून्याआधी मोकळी जागा असते. कडेपासून शून्य सुरू होणारी हवी. बाराव्या फ्रेटवर, फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या तळापर्यंत मोज. जाड तारेखाली दोन मिलिमीटर आणि पातळ तारेखाली दीडच्या आसपास हा सर्वसाधारण अंतराचा हिशोब. इतकं अंतर असूनही बेंड मरत असेल तर संशय फ्रेटवर.

आणखी एक गोष्ट, जी अ‍ॅकूस्टिकवरून येणाऱ्या प्रत्येकाला फसवते. तुझ्या सध्याच्या गिटारवर बहुधा ११ किंवा १२ च्या तारा असतील. इलेक्ट्रिकवर ९ च्या असतात, म्हणजे पहिली तार ०.००९ इंच जाडीची. तू सवयीनं त्याच जोरानं दाबणार, तार खाली दबताना ताणली जाणार आणि स्वर चढणार. साधा सी कॉर्ड बेसूर लागेल आणि तुला वाटेल गिटारच सुरात नाही. तेव्हा आधी बोट हलकं कर. फ्रेटच्या अगदी मागे, तार फ्रेटला टेकेल इतकंच दाब, आणि मग ठरव. त्यानंतर ट्यूनर अ‍ॅप लावून बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता, बोट नुसतं टेकवून काढलेला स्वर) आणि तिथेच दाबून वाजवलेला स्वर जुळतात का बघ. थोडं कमी-जास्त असेल तर सॅडल, म्हणजे ब्रिजवरचे तारांचे छोटे आधार, पुढे-मागे सरकवून ते जुळतं, आणि तारा जुन्या, गंजक्या असतील तर मुळात ही चाचणीच भरवशाची नाही.

गंजाचं म्हणशील तर तारांचा गंज बघूच नकोस, नवा संच हजाराच्या आत येतो. ब्रिजवरच्या सॅडलचे बारीक स्क्रू बघ. ठाण्या-मुंबईच्या दमट हवेत, घामट हाताखाली ते गंजून आतच पकडून बसतात. मग तारांची उंची बदलता येत नाही आणि सेटअप करणारा हात वर करतो. दीड मिलिमीटरची अ‍ॅलन की बऱ्याच गिटारींना चालते. विकणाऱ्याकडे असेल तर त्याच्याच हातून एक स्क्रू किंचित फिरवून घे. ट्रेमोलोची, म्हणजे ब्रिज हलवून स्वर थरथरवायची दांडी मात्र मिळाली नाही तरी चालेल. पहिलं वर्षभर तिला हात न लावलेला बरा, सूर तिच्यामुळे उतरतो. 'खुंट्या बदलाव्या लागतील, सूर टिकत नाही' असं कुणी म्हणालं तरी लगेच विश्वास ठेवू नकोस. बहुतेक वेळा दोष नटच्या खाचेत अडकणाऱ्या तारेचा किंवा नीट न गुंडाळलेल्या तारेचा असतो.

आता काकांचं काम. गिटार अ‍ॅम्पला लावा, स्वच्छ आवाजावर, डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाटवणारं बटण) बंद. डिस्टॉर्शनच्या गोंगाटात सगळे दोष झाकले जातात, आणि विकणारे हमखास तोच चालू करून देतात. स्विचच्या पाचही जागी आवाज यायला हवा. कुठला पिकअप मेला की काय अशी शंका आली तर व्हॉल्यूम कमी ठेवून त्या पिकअपच्या खिळ्यांवर स्क्रूड्रायव्हरचं टोक हळूच टेकवायचं, टक्क आवाज आला की तो जिवंत. नॉब फिरवताना खरखर होत असेल तर आत धूळ आहे, काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा पुरतो. जॅक हलवल्यावर आवाज जात-येत असेल तर सोल्डर सुटलाय. बेंजोला पिकअप लावून मंडपात वाजवलेल्या माणसाला हे सगळं तोंडपाठ असणार. ही कामं ते घरी बसून करून देतील, पण तिथे चेहरा गंभीर ठेवायला सांग. सौद्यात उपयोग होतो.

गुणगुण मात्र नीट समजून घे. सिंगल कॉइल पिकअप आपल्या वीजपुरवठ्याची ५० हर्ट्झची गुणगुण उचलतातच, ट्यूबलाइट, पंख्याचा रेग्युलेटर, मोबाइलचा चार्जर जवळ असला तर आणखी. गिटार घेऊन जागच्या जागी थोडी वळ, एका दिशेला ती कमी होईल. ब्रिजचा हंबकर लावलास की बरीच शांत होईल, त्याचा जन्मच गुणगुण मारायला झालाय. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर ठीक. वाढली तर आतल्या जोडणीत काहीतरी उलटसुलट झालंय, काकांना दाखव. पण तारांना हात लावल्यावर बोटांना झिणझिण्या आल्या तर ताबडतोब हात काढ आणि अ‍ॅम्पचा प्लग ओढ. गिटारच्या तारा वायरीतून अ‍ॅम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. बटणाच्या बोर्डात अर्थिंग नसेल, किंवा अ‍ॅम्पची तिसरी पिन कुणी मोडून टाकली असेल, तर गळतीची वीज तुझ्या बोटांपर्यंत पोचते. हा दोष गिटारचा नाही, घराचा किंवा अ‍ॅम्पचा. तरी जिवाशी खेळ आहे. डोंबिवलीतल्या तुमच्या घराचंही अर्थिंग एकदा वायरमनकडून तपासून घे.

मित्राच्या स्क्वायरबद्दल. फेंडरनं स्क्वायर ही तारा बनवणारी कंपनी १९६५ साली विकत घेतली आणि १९८२ पासून त्या नावानं जपानमध्ये स्वस्त गिटारी बनवायला लागली. यामाहानं पॅसिफिका १९९० साली आणली. दोन्हीही 'मोठ्या कंपनीची छोटी गिटार' याच वर्गातल्या, आणि दोन्हींत एकाच कारखान्यातून, एकाच दिवशी बाहेर पडलेली एक झकास आणि एक भिकार निघू शकते. त्यामुळे नावाचा वाद घालत बसायचं कारण नाही, हातातली गिटार काय म्हणते ते बघ. तुझ्या मित्राला एक जरूर विचार : स्क्वायर म्हणजे कुठली? बुलेट, तिच्या जागी आता आलेली सॉनिक, अ‍ॅफिनिटी, क्लासिक वाइब, सगळ्यांवर नाव एकच आणि किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. पॅसिफिकातही तेच. ११२ व्ही ही ०१२ ची थोरली बहीण, बॉडी अल्डरची, आणि टोनचा नॉब ओढला की हंबकर अर्धा होऊन सिंगल कॉइलसारखा वाजतो. विकणारा '११२ सारखीच आहे' म्हणाला तर हसून मान डोलव आणि पैसे ०१२ चे दे.

जायच्या आधी एक दिवस धोबी तलावला फुर्टाडोजमध्ये चक्कर मार. १८६५ पासूनचं दुकान, नव्या गिटारी हातात घेऊन बघता येतात. दोन-तीन नव्या गिटारींवर नेकची फट, बेंड, तारांची उंची हे सगळं करून बघ. घ्यायला नको, हाताला माप कळायला. त्या अनुभवाशिवाय ठाण्याला गेलीस तर तुला प्रत्येक इलेक्ट्रिक अ‍ॅकूस्टिकपेक्षा मऊ लागेल आणि पहिलीच आवडेल.

पैशाचं बघू. साडेदहा हजार अधिक नव्या तारा अधिक सेटअपचे दीड-दोन हजार धर, म्हणजे तुला ती तेरा हजारांच्या आसपास पडते. इथे बरेच जण चुकीची तुलना करतात. नव्या स्वस्त गिटारलाही सेटअप लागतोच, कारखान्यातून ती क्वचितच नीट बसवून येते. म्हणजे नवी वीस-एकवीसला. फरक सात-आठ हजारांचा, आणि त्या फरकात तू वॉरंटी सोडतेस. शिवाय वर्षभरानं तुला ही विकावीशी वाटली तर जवळपास दिलेल्या भावालाच जाईल, नवी मात्र दुकानाबाहेर पडताक्षणी चार-पाच हजार गमावते. विकणाऱ्यानं पिकअप बदललेत, खुंट्या बदलल्यात म्हणून तो जास्त मागत असेल तर देऊ नकोस. बदललेल्या भागांचे पैसे या बाजारात परत मिळत नाहीत, त्यालाही मिळू नयेत.

म्हणून माझा आकडा : नेक आणि फ्रेट दोन्ही ठणठणीत असतील तर नऊ हजार. फ्रेट घासून घ्यावे लागतील असं दिसलं तर सात, त्यावर नाही. नेकला पीळ असेल किंवा फ्रेटमध्ये नख अडकत असेल तर फुकट दिली तरी नको, डोंबिवलीच्या घरात एक अडगळ वाढेल. मूळ बिल असेल तर माग. नसेल तर नेकच्या किंवा बॉडीच्या मागचा सिरियल नंबर आणि विकणाऱ्याचा फोटो घे, चोरीचा माल गळ्यात पडायला नको. 'आधी टोकन पाठवा, मग दाखवतो' म्हणाला तर बोलणंच थांबव. गिटार हातात, मग यूपीआय.

अ‍ॅम्प अडीच हजारांना घ्यायचा की नाही हे एकाच गोष्टीवर ठरव : त्याला हेडफोनचं भोक आहे का आणि ते चालतं का. हेडफोन घेऊन जा, लावून बघ. शेजारी भिंतीला भिंत लागून असताना रात्री साडेनऊनंतर तुला दुसरा मार्ग नाही. चालत असेल तर दोन हजार म्हण. नसेल तर सोड, मोबाइलला जोडायचा छोटा इंटरफेस किंवा खिशात मावणारा हेडफोन अ‍ॅम्प त्याहून उपयोगाचा पडेल.

आणि शनिवारी दुपारी जा. संध्याकाळच्या गर्दीत ठाण्याहून डोंबिवलीला गिटार पाठीला लावून लोकलमध्ये चढणं म्हणजे गिटारचं वरचं टोक दुसऱ्याच्या डोळ्यात आणि दुसऱ्याचं कोपर तुझ्या नेकवर. गिटार आणि अ‍ॅम्प मिळून आकडा विकणाऱ्याकडून तेरा हजार निघेल, तू अकरा म्हण. तो साडेअकरावर अडला आणि नेक चांगली निघाली, तर पाचशेसाठी रिकाम्या हातानं परत येऊ नकोस.